संगणकाचा पडदा, डोळ्यांवरील ताण आणि कायदा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कार्यालयीन श्रमाच्या इतिहासात वेतन, कामाचे तास व संघटना यांची चर्चा होते. कर्मचाऱ्याच्या डोळ्यांची क्वचितच होते. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील वृत्तपत्रे, बँका व विमा कार्यालयांत संगणकाचे पडदे आले आणि डोळ्यांवरील ताण हा श्रमिकांच्या हक्काचा विषय बनला. प्रस्तुत लेखात या परिवर्तनाचा आढावा घेतला आहे.

तक्रार व तिचे कारण :
१९७७ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या दोन उपसंपादकांना झालेल्या मोतीबिंदूचा संबंध पडद्यातून निघणाऱ्या प्रारणाशी जोडला गेला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ च्या अहवालात या भीतीला आधार नसल्याचे नमूद केले. मात्र प्रकाशयोजना, परावर्तित चकाकी, पडद्याची रचना व कामाचे स्वरूप यांकडे लक्ष वेधले. कार्यालयातील दिवे मेजावर आडव्या ठेवलेल्या कागदासाठी योजलेले होते. तोच प्रकाश उभ्या, फुगीर काचेवर पडताच डोळ्यांत परावर्तित होई. काळ्या पार्श्वभूमीवरील उजळ अक्षरांमुळे ते प्रतिबिंब अधिकच ठळक दिसे. म्हणजेच दोष डोळ्यांत नसून दालनाच्या मांडणीत होता. पडदा खिडकीशी काटकोनात ठेवणे, खिडकीला पडदे लावणे, दिव्यांवर जाळीदार आवरण बसवणे आणि उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरे वापरणे हे उपाय यातूनच पुढे आले.

कायद्याचा प्रवेश :
सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९० मध्ये याविषयी नियम केला. परंतु शहराला तसा अधिकार नसल्याचे सांगून १९९२ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. युरोपात मात्र २९ मे १९९० च्या निर्देशाने चकाकी टाळणे, कामात खंड देणे व नेत्रतपासणी या बाबी मालकाच्या जबाबदाऱ्या ठरल्या. तपासणीचा व आवश्यक चष्म्याचा आर्थिक भार कर्मचाऱ्यावर पडू नये, ही त्यातील महत्त्वाची तरतूद होय. ब्रिटनने १९९२ मध्ये त्यानुसार नियम केले.

समारोप :
१९९३ मध्ये जपानी संशोधकांनी केलेल्या निरीक्षणात निवांत अवस्थेत मिनिटाला सरासरी २२ वेळा होणारी पापण्यांची उघडझाप वाचताना १० व पडद्यासमोर ७ वर आल्याचे आढळले. यावरून कामातील खंडाचे महत्त्व लक्षात येते. अलीकडे मात्र निळा प्रकाश अडविणारे चष्मे विकून हा प्रश्न पुन्हा व्यक्तीच्या माथी मारला जात आहे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशा चष्म्यांनी डोळ्यांवरील ताण अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसत नाही. उपाय दालनाच्या व कामाच्या रचनेत शोधावा लागतो, हा या इतिहासाचा निष्कर्ष आजही तितकाच लागू आहे.