लाकडी बदकाचं घराणं

नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली एका खड्ड्यात पाणगवताची अकरा बदकं सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. काहींवर रंग आणि खरी पिसं चढवलेली, काही अर्धवट. ठेवण इतकी नेमकी, की ही कॅनव्हासबॅक जातीची बदकं हे लगेच ओळखू येतं. पुढच्या शिकारीच्या मोसमासाठी कुणीतरी जपून ठेवली असावीत. नेवाडातच स्टिलवॉटर इथल्या पायूट आदिवासी कुटुंबांत अशी बदकं बांधण्याची विद्या विसाव्या शतकापर्यंत एका पिढीनं दुसरीला दिलेली आहे.

युक्ती साधी. बदक कळपाचं पाखरू. पाण्यावर घिरट्या घालतं, खाली जातभाई निवांत दिसले की उतरतं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी हे स्थानिकांकडूनच उचललं असं मानतात, फक्त गवताच्या जागी देवदार आणि पाइनचं लाकूड आणलं. पोटाला शिशाचं वजन, नाकाशी दोरी आणि नांगर. खाली मालकाची नाममुद्रा डागलेली, कारण डिकॉय, म्हणजे ही फसवी बदकं, वाहून जातात आणि शेजाऱ्याच्या जथ्यात सहज मिसळतात!

एकोणिसाव्या शतकात या खेळण्याचा धंदा झाला. चेसापीक उपसागरात जंगली सेलरी खाऊन चविष्ट झालेल्या कॅनव्हासबॅकला शहरातली हॉटेलं भाव देत. मेरीलँडच्या हाव्र द ग्रेसजवळच्या सस्क्वेहाना फ्लॅट्सवर शिकारी ‘सिंकबॉक्स’मध्ये उताणा पडे: पाण्याच्या पातळीखाली बुडवलेली, शवपेटीसारखी पेटी, आणि भोवती शेकडो लाकडी बदकं. पेटीच्या पसरट पंखांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवत. वजनही व्हायचं, वेषांतरही. लाकडी मालाची मागणी इतकी, की डेट्रॉइटच्या मेसन कारखान्यानं त्यावर वर्षानुवर्षं धंदा केला.

मग 1918 च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानं शिकारीची विक्री बंद केली आणि बाजारू शिकाऱ्याची जात संपली. सिंकबॉक्स आणि जिवंत बदकं फूस म्हणून बांधून ठेवण्याची रीत या दोन्हींवर 1935 मध्ये बंदी आली. त्याच्या आदल्या वर्षी शिकाऱ्यांसाठी एक डॉलरचा ‘डक स्टॅम्प’ सक्तीचा झाला होता. पहिल्याचं चित्र व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंगनं काढलं. पैसा पाणथळी राखायला. बंदूक चालवणाऱ्यांच्याच खिशातून तळी राखली गेली हे मला या कहाणीतलं सगळ्यात शहाणपणाचं वळण वाटतं. शिकार आता घरगुती छंद उरली: पहाटे बाप, मुलगा, कुत्रा आणि आजोबांच्या डिकॉयची पोती. जिवंत फूस गेल्यामुळे लाकडाची गरज उलट वाढली.

घडवणारेही बहुधा घरचेच. क्रिसफील्डच्या लेम आणि स्टीव्ह वॉर्ड भावांचे वडील न्हावी आणि कोरीवकामवाले. मुलांनी वस्तरा आणि पटाशी दोन्ही चालवली. स्वतःला ते ‘लाकडातले बनावट पक्षी करणारे’ म्हणवत. हाव्र द ग्रेसचे मॅडिसन मिचेल अंत्यसंस्कारांचा व्यवसाय सांभाळून बदकं करत. केप कॉडचे एल्मर क्रॉवेल आधी एका श्रीमंत पक्षिशास्त्रज्ञाच्या शिकारी तळाची व्यवस्था बघायचे, तिथं जिवंत बदकांची फूस वापरत. पुढं मुलगा क्लिऑनसह कोरत बसले. 2007 मध्ये क्रॉवेल यांचं एक पिनटेल आणि एक हंस प्रत्येकी 11 लाख 30 हजार डॉलरला विकले गेले. ज्याला बापानं चिखलात फेकलं, पोरानं पोत्यात कोंबलं, त्याला आता काचेचं कपाट.

पाण्यावर मात्र प्लास्टिकच तरंगतं. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यातली हलकी, स्वस्त बदकं आली, आणि नव्वदीच्या अखेरीस बॅटरीवर पंख फिरवणारीही. ती इतकी परिणामकारक ठरली, की काही राज्यांनी त्यांच्या वापरावर निर्बंध घातले.