खांड कोणाच्या नावावर?

तलाठ्याच्या नोकरीत पंचनामे फार करावे लागतात. पेण तालुक्याच्या खारेपाटात तर पावसाळा सुरू झाला की वहीची पाने पुरत नाहीत. गट नंबर, क्षेत्र, पीक आणि मग 'नुकसानीचे कारण'. त्या रकान्यात ठरलेले तीन शब्द पडतात : समुद्राच्या उधाणाचे पाणी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा विचारले होते, "भाऊसाहेब, उधाण तर पंचांगात आधीच असतं. मग ती आपत्ती कशी?" मी सही करून पुढच्या गटाकडे गेलो. रिटायर झाल्यावर जुनी कागदपत्रे आणि गॅझेटिअर वाचत बसलो, तेव्हा त्या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे हे ध्यानात आले.

धरमतर म्हटले की जुन्या माणसांना मुंबईच्या बोटी आठवतात, हल्लीच्या पोरांना कंपन्यांच्या जेट्ट्या. मला बांध आठवतात. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली-नागोठण्यावरून येते आणि धरमतरला खाडी होते. तिच्या काठची भातशेती बरीचशी भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. म्हणजे ही जमीन देवाने दिलेली नाही, माणसाने खाडीकडून काढून घेतलेली आहे आणि खाडी ती रोज दोनदा परत मागते. मधे असतो तो चिखलाचा बाहेरकाठा आणि त्यातली उघाडी. उघाडीचे काम साधे : ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर जाते, भरतीला खाडीचेच पाणी तीच झडप दाबून बंद करते. झडपेत एक ओंडका अडकला की ती मिटत नाही आणि मग रात्रीतून शेते खारी होतात. एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. काळा राता, भुरा राता अशी मीठ सोसणारी भाते आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली ती हौसेने नव्हे.

हे बांध सांभाळायचे कोणी? 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये त्याचे उत्तर आहे. ज्याने स्वतःच्या पैशाने बांध घालून खार उठवला, तो शिलोत्रीदार. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवायचा म्हणून तो कसणाऱ्याकडून बिघ्याला मणभर भात जास्तीचे घेई. व्यवहार कागदावर चोख. ज्याच्या हाती मण, त्याच्या डोक्यावर बांध. पण मण घेणारा पेणेत किंवा मुंबईत राहत असेल, तर श्रावणातल्या अंधाऱ्या रात्री बांधावर कोण असणार? ज्याचे भात बुडते तो.

म्हणून शिलोत्रीच्या पोटात गावाची स्वतःची एक रीत चालत आली. तिला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस द्यायचा, ज्याची जितकी जमीन त्याच्याकडे तितका बांध. कोणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे पोरालाही माहीत असे. मी नोकरीला लागलो तेव्हा ही पद्धत मोडकळीला आलेली होती, तरी तिच्यात वाढलेली माणसे होती. खेकड्याचे बीळ दिसले की ती चालता चालता टाचेने बुजवीत, बोलणे न थांबवता. बीळ दुसऱ्याच्या तुकड्यात असले तरी. परोपकार वगैरे काही नव्हते त्यात. शेजाऱ्याचा बांध फुटून पडलेल्या हातभर खांडीतून आलेले पाणी गट नंबर बघून थांबत नाही.

खांड बांधताना मी पाहिली आहे. उधाणात ती बांधता येत नाही. पाणी अंगावर येते आणि टाकलेला चिखल घेऊन जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी आले, भरती कमी चढू लागली की ओहोटीची वेळ साधायची. आधी दोन रांगा खुंट ठोकायचे, मधे पेंढा आणि तिवराच्या फांद्या, आणि मग खाडीतल्या घट्ट चिखलाच्या ढेपा हातोहात. ढेप कोरडी असेल तर ती विरघळते, फार पातळ असेल तर बसत नाही. वर उभा राहून एक जाणता ओरडत असतो, बाकी सगळे गप्प. पुढची भरती यायच्या आत तोंड मिटले तर मिटले. त्या वेळी कोणी विचारत नाही की खांड कशाने गेली. ते नंतर, चहा पिताना, आणि तेव्हा मात्र नाव घेऊन विचारतात.

'आपल्या आयुष्याची जबाबदारी आपणच घ्यावी' असे हल्ली फार ऐकू येते. खारेपाटाला हे नवे नाही, पण त्याची दुसरी बाजूही इथेच दिसते. धरमतरची खाडी ओलांडली की पोयनाडचा पट्टा, त्यातच चरी. तिथल्या कुळांनीही घाम गाळून खार पिकवला होता, तरी पीक खोत-सावकाराच्या घरी जाई. शेवटी 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संप केला. शेते पडीक टाकली, उपाशी राहिले आणि 1939 पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, मागे हटले नाहीत. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. 1939 चा कूळ कायदा आणि पुढे 1948 चा, यांच्यामागे ही उपासमार उभी आहे. मला विचाराल तर जोळ आणि संप ही एकाच माणसांची दोन कामे. एकात स्वतःचा वाटा उचलला, दुसऱ्यात दुसऱ्याचा वाटा उचलायला नकार दिला.

1948 सालीच मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांध सरकारी झाले. ते आवश्यकच होते. चिखलाच्या बांधाला दगडाचे अस्तर आणि काँक्रीटची उघाडी एकट्या गावाच्या खिशाला झेपत नाही. 1989 च्या जुलैत अंबेला महापूर येऊन जांभूळपाडा-नागोठण्याची दैना झाली, त्या पाण्यापुढे घरटी एक माणूस काय करणार? पण बांध खात्याकडे जाताना त्याचे तुकडेही पुसले गेले. आता बांध सर्वांचा झाला, म्हणून बीळ कोणाचेच राहिले नाही. 'खारेपाटातला शेतकरी आळशी झाला' असे म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. पोरे कंपनीत पाळ्या करतात, कारण दीड एकर भातावर घर चालत नाही. सकाळच्या पाळीला गेलेल्या माणसाने ओहोटीला बांधावर कसे यायचे, ते आधी सांगा.

तरी एक गोष्ट गावाच्या हातात आहे आणि तिला ना निविदा लागते ना मंजुरी. मे महिन्याच्या ग्रामसभेत बाहेरकाठ्याची यादी वाचा : अमुक उघाडीपासून तमुक वळणापर्यंत बघायला कोण, पुढे कोण, नावानिशी. दुरुस्ती खात्याने करावी, आणि न केल्यास त्याला धारेवर धरावे. पण उघाडीत ओंडका अडकला आहे हे पहिल्या उधाणाआधी कोणी पाहिले, एवढे त्या यादीवरून कळले पाहिजे. कामावरच्या तलाठ्याला बोलवा, ती यादी त्याच्याकडे द्या आणि पोच घ्या.