अमात्यांचें वृक्षरक्षण

अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०१ ते १९०९ या कारकीर्दींत सुमारें २३ कोटि एकर भूमि राखून ठेविली, म्हणून त्यांची कीर्ति झाली. ती यथार्थच आहे. परंतु या बाबतींत आपल्या रामचंद्रपंत अमात्यांचें स्मरण आपणांस क्वचितच होतें.

रामचंद्रपंत हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकीं एक. १६८९ सालीं राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हां मोंगलांशीं झुंजून स्वराज्य तगविण्याचा भार त्यांजवर पडला. राज्याची निकड म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें कोण जाणणार? तथापि १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’त, आरमाराच्या प्रकरणीं, ते बजावतात कीं, आंबे-फणसांचें लांकूड उपयोगी असलें तरी त्यांस हात लावूं देऊं नये, रयतेनें तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड हवेंच असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये.

रूझवेल्ट यांनीं अरण्य व्यापाऱ्यांच्या लोभापासून राखिलें. अमात्यांनीं रयतेचें झाड राज्याच्याच कुऱ्हाडीपासून राखिलें. आज अंधेरी-बोरिवलीस रस्ता रुंद करण्यासाठीं जुनें झाड पाडलें जातें, तेव्हां रस्त्याची गरज कोणी नाकारीत नाहीं. पण ज्यांच्या दारीं तें वाढलें त्यांस विचारलें काय, हा अमात्यांचा प्रश्न शिल्लक राहतोच.