चिलखताचें वजन

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. वय वर्षें पंधरा. सकाळचा फराळ आटोपला कीं स्वारी संगणकापुढें जी बसे ती जेवणाची हांक येईपर्यंत उठत नसे. एकदां मी त्याच्या पाठीशीं उभा राहून पाहूं लागलों. खेळ लढाईचा होता; नांव ‘काउंटर-स्ट्राइक’. डाव सुरू होण्यापूर्वीं खेळणाऱ्यानें गांठीच्या पैशांतून बंदूक, हातबाँब, चिलखत असें सामान विकत घ्यावयाचें असतें. भाच्यानें ६५० डॉलर मोजून चिलखत घेतलें, आणखी ३५० टाकून शिरस्त्राण घेतलें, आणि पळत सुटला. मीं सहज विचारलें, “काय रे, ह्या चिलखताचं वजन किती?” मान न वळवितां तो म्हणाला, “मामा, ह्याला वजन-बिजन काही नसतं.”

मुलाचें बोलणें खोटें नव्हतें. त्या खेळांत चिलखत म्हणजे पडद्याच्या तळाशीं दिसणारा एक आंकडा. तो असो वा नसो, माणूस तितक्याच वेगानें धांवतो. पण त्या उत्तरानें मला दिवसभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत शिपायाच्या चिलखताविषयीं युद्धखात्यांत, कायदेमंडळांत आणि वर्तमानपत्रांत जे जे वाद माजले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशीं वजन ही एकच बाब सांपडते. आणि तें वाहावयाचें कोणीं व ठरवावयाचें कोणीं, हा प्रश्न.

चिलखत हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें १६५९ सालचा प्रतापगड उभा राहतो. अफझलखानाच्या भेटीस जातांना महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत चढविलें होतें, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मात्र तें चिलखत घटकाभराच्या भेटीसाठीं होतें, मजलदरमजलीसाठीं नव्हे, हें आपण विसरतों. त्याच महाराजांच्या घोडदळाचें सारें बळ हलकेपणांत होतें. पुढें बंदूक प्रबळ होत गेली तसतसें जगभर चिलखत जाड होत गेलें, जाड झालें म्हणून असह्य झालें, आणि अखेरीस पायदळांनीं तें टाकून दिलें. १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांतील शिपाई लढाईस निघाले ते डोक्यावर कापडाची किंवा चामड्याची टोपी घालून.

खंदकांची लढाई सुरू झाली आणि खंदकाबाहेर डोकावणारें डोकें तोफगोळ्यांच्या तुकड्यांनीं फुटूं लागलें. फ्रेंच सैन्याच्या पुरवठाखात्यांतील ऑगस्ट-लुई ॲद्रियाँ या अधिकाऱ्यानें प्रथम टोपीखालीं घालावयाची एक साधी पोलादी वाटी काढली, व १९१५ मध्यें पुरतें शिरस्त्राण सिद्ध केलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत जॉन ब्रॉडीची पसरट थाळीसारखी टोपी आली. १९१६ त जर्मनांची, हानोव्हरच्या तंत्रविद्यालयांतील फ्रीडरिश श्वेर्ड यांनीं आंखलेली, कानांवर व मानेवर उतरणारी टोपी आली. डोक्याचा प्रश्न असा दीड-दोन वर्षांत मार्गीं लागला. वाद पेटला तो छातीवरून.

तो पेटविणारांत एक नांव आपल्या चांगल्या परिचयाचें आहे. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं १९१५ च्या जुलैपासून लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत पत्रें लिहून हा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या पत्नीचा भाऊ १९१४ च्या ऑगस्टांतच कामास आला होता, आणि बहिणीचा मुलगा त्या जुलैच्या आरंभीं पडला होता; तेव्हां ही केवळ लेखकाची कल्पना नव्हती. त्यांचें म्हणणें असें कीं, डोकें पोलादानें वांचतें तर काळीज कां वांचूं नये? पुरावा म्हणून त्यांनीं पुढें केला तो एक दरोडेखोर! ऑस्ट्रेलियांतील नेड केली यानें नांगराच्या फाळांच्या पत्र्यांपासून स्वतःसाठीं व आपल्या साथीदारांसाठीं चिलखतें ठोकून घेतलीं होतीं, आणि १८८० च्या जूनमध्यें ग्लेनरोवन येथें पोलिसांच्या गोळ्या त्याच्या छातीवर आपटून खालीं पडत होत्या. एका दरोडेखोराला जें साधलें तें साम्राज्याला कां साधूं नये, असा डॉइलसाहेबांचा रोख होता. युक्तिवाद मोठा बिनतोड. पण नेडच्या चिलखताचें वजन सुमारें ४४ किलो होतें, आणि त्याचे पाय उघडे होते. पोलिसांनीं शेवटीं त्याच्या पायांवर गोळ्या झाडूनच त्याला खालीं आणलें. फांशी पुढें नोव्हेंबरांत झाली.

डॉइल यांनीं आपलें गाऱ्हाणें युद्धसामग्रीचे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या कानांपर्यंत नेलें. तरीहि चिलखत सर्वांना मिळालें नाहीं. विरोधकांचीं कारणें दोन. एक असें कीं, चिलखतांतला शिपाई आपला जीव संभाळूं लागेल आणि चढाईची ईर्षा गमावील. हें कारण मला सुखवस्तु माणसाचें वाटतें. ज्यांनीं तें मांडलें ते स्वतः खंदकांत किती रात्री निजले होते? दुसरें कारण मात्र हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत इंग्रज शिपाई उजाड माळावरून पुढें सरकले तेव्हां प्रत्येकाच्या अंगावर सुमारें ६६ पौंडांचें, म्हणजे ३० किलोंचें ओझें होतें. त्यावर आणखी दहा किलो पोलाद लादलें तर धांवणारा माणूस चालूं लागतो, आणि चालणारा माणूस यंत्रतोफेला अधिक वेळ दिसत राहतो. जें वांचवावयाचें तेंच मारूं लागतें. जर्मनांनीं हें ओळखून आपलें छाती-पोटाचें पोलादी चिलखत मुख्यतः पहारेकऱ्यांना आणि यंत्रतोफेवरच्या माणसांना दिलें, म्हणजे ज्यांना एका जागीं बसावयाचें असे त्यांना.

अमेरिकेंत ह्या कामीं एक विलक्षण गृहस्थ पुढें आले. बॅशफर्ड डीन हे मूळचे माशांचे अभ्यासक, कोलंबिया विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे अध्यापक. पण त्यांचा जीव जडला होता जुन्या शस्त्रांवर, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील शस्त्रविभाग त्यांच्या स्वाधीन होता. युद्ध आलें तेव्हां सैन्यानें त्यांना मेजर केलें. संग्रहालयांत जुनीं चिलखतें दुरुस्त करणाऱ्या फ्रेंच कारागिराकडून ते नव्या शिरस्त्राणांचे नमुने घडवून घेऊं लागले. पंधराव्या शतकांतील सरदाराची टोपी विसाव्या शतकांतील शिपायासाठीं ठोकली जात होती! त्यांचा एक चांगला नमुना जर्मन टोपीसारखा दिसतो म्हणून नापसंत झाला. त्याच सुमारास डॉ. ब्रूस्टर नांवाच्या गृहस्थांनीं ४० पौंडांचें एक अवजड कवच बनविलें आणि तें स्वतः चढवून यंत्रतोफेपुढें उभे राहिले. गोळ्या अडल्या. पण तसलें ओझें घेऊन मैलभर चालावयास त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. युद्ध संपलें तोंवर अमेरिकन पायदळाला चिलखत मिळालें नव्हतें. डीनसाहेबांनीं ही सारी खटपट १९२० सालीं एका ग्रंथांत नमूद करून ठेविली.

दुसऱ्या महायुद्धांत चिलखत परत आलें तें विमानांत. अमेरिकन वायुदळाचे वैद्य माल्कम ग्रो यांनीं पाहिलें कीं, वैमानिकांना होणाऱ्या जखमांपैकीं पुष्कळ मंदगतीच्या तुकड्यांच्या असतात. तेव्हां १९४२ मध्यें त्यांनीं लंडनच्या विल्किन्सन या तरवारी करणाऱ्या कारखान्याकडून पोलादी पट्ट्यांचीं जाकिटें करविलीं. येथें वजनाचा बोभाटा फारसा झाला नाहीं. ओझें विमान वाहात होतें, गुडघे नव्हे.

पुढें कोरियाच्या युद्धांत नायलॉनचीं जाकिटें आलीं. १९६५ सालीं ड्यूपाँट कंपनींतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना एक गढूळ, पातळ द्रव सांपडला. त्यापासून धागा काढावयास तेथला तंत्रज्ञ प्रथम राजीच होईना; धागा निघाला आणि तो वजनाच्या मानानें पोलादाहून कितीतरी बळकट ठरला. तोच केव्हलार. पिस्तुलाची गोळी व गोळ्याच्या तुकड्या त्यानें अडूं लागल्या. परंतु रायफलीची गोळी अडवावयास त्याच्यावर चिनीमातीसारख्या कठीण द्रव्याची तक्ती बसवावी लागते, आणि तक्ती आली कीं वजन पुन्हा दारांत उभें.

२००३ सालीं अमेरिकन फौजा इराकांत शिरल्या तेव्हां ह्या तक्त्या सर्वांना पुरतील इतक्या नव्हत्याच. त्या आघाडीच्या पायदळासाठीं म्हणून घेतलेल्या. परंतु त्या युद्धांत आघाडी कोठें आहे हेंच कळेना, आणि रसद नेणारा गाडीवानही गोळीच्या टप्प्यांत आला. कित्येक आईबापांनीं स्वतःच्या पैशानें चिलखत विकत घेऊन मुलांस धाडलें. २००४ मध्यें तो खर्च भरून देण्याचा कायदा करावा लागला. २००६ च्या जानेवारींत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें लष्करी वैद्यांची एक गुप्त पाहणी उजेडांत आणली: इराकांत धडावरील जखमांनीं मेलेल्या नौदल-पायदळांतील माणसांपैकीं ८० टक्क्यांपर्यंत माणसें अधिक अंग झांकणाऱ्या चिलखतानें कदाचित् वांचलीं असतीं.

ह्याच सुमारास ‘ड्रॅगन स्किन’चा वाद उसळला. कॅलिफोर्नियांतील पिनॅकल आर्मर या कंपनीनें माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसणाऱ्या गोल चकत्यांचें चिलखत काढलें. तें लवचिक होतें, अधिक अंग झांकीत होतें, आणि दूरचित्रवाणीवर सुंदर दिसत होतें. सैन्यानें २००६ च्या मार्चमध्यें त्यावर बंदी घातली. २००७ च्या मेमध्यें एन्‌बीसी वाहिनीनें स्वतः चांचणी घेऊन हें चिलखत सरकारी चिलखतापेक्षां सरस असल्याचें दाखविलें, आणि देशभर एकच ओरड झाली. तेव्हां सैन्यानें आपल्या चांचण्या उघड केल्या: ४८ पैकीं १३ गोळ्या आरपार गेल्या होत्या, उष्णतेनें चिकटद्रव्य ढिलें पडून चकत्या खालीं घसरल्या होत्या, आणि वजन २८ पौंडांच्या जागीं ४७॥ पौंड भरलें होतें. ६ जून २००७ ला काँग्रेसच्या समितीपुढें त्यावर खडाजंगी झाली. माझ्या मतें त्या वादांत सैन्याची बाजू खरी होती. पण चार वर्षांपूर्वीं तक्त्यांविना माणसें धाडणाऱ्या खात्यावर आईबापांनीं विश्वास तरी कसा ठेवावा? गंमत अशी कीं, २००९ मध्यें अफगाणिस्तानांतील डोंगर चढावयास निघालेल्या शिपायांना त्याच सैन्यानें मुद्दाम कमी अंग झांकणारें, हलकें चिलखत दिलें.

आपल्याकडे हा विषय घरोघर पोहोंचला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं. हेमंत करकरे शिरस्त्राण व जाकीट चढवीत असल्याचें दृश्य मुंबईनें दूरचित्रवाणीवर पाहिलें, आणि कांहीं तासांतच ते गेल्याची बातमी ऐकली. मागाहून जाकिटांच्या दर्जाविषयीं वाद माजला, आणि त्यांचें जाकीटच गहाळ झाल्याचें उघड झालें. त्याच रात्रीं गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनीं कसाबला धरलें तें हातांत काठी असतांना. त्यांच्या अंगावर तर कांहींच नव्हतें. लष्करासाठीं १.८६ लाख जाकिटांचा ६३९ कोटींचा करार व्हावयास त्यानंतर २०१८ साल उजाडलें.

आतां खेळाकडे वळतों. पडद्यावरील चिलखताचा आंकडा कोठून आला, ह्याचा शोध घेतां मोठी मौज आढळते. युद्धाचे खेळ जुनेच. १८२४ मध्यें प्रशियाच्या सेनापतींपुढें राइसविट्स या तरुण अधिकाऱ्यानें फांसे टाकून खेळावयाचा युद्धखेळ मांडला, त्यांतही पलटणीची हानि गुणांनीं मोजीत. १९७४ मध्यें अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला; त्यांत चिलखताची प्रत आणि माणसाच्या जिवाचे गुण अशी योजना होती. त्याच्या दोन कर्त्यांपैकीं डेव्ह आर्नेसन यांनीं सांगितलें आहे कीं, ही योजना आपण अमेरिकन यादवी युद्धांतील लोखंडी गलबतांच्या खेळांतून उचलली. म्हणजे मुळांत तो आंकडा जहाजाच्या कवचाचा! जहाजाचें वजन समुद्र वाहतो. माणसाच्या अंगावर तोच आंकडा चढविल्यावर वजनाचाही हिशेब मांडावा लागला, आणि त्या खेळाच्या नियमांत तो होता. पण १९९३ च्या ‘डूम’मध्यें तो साफ गळाला. हिरवें चिलखत १०० गुणांचें, इजेचा तिसरा हिस्सा झेलणारें. निळें २०० गुणांचें, निम्मी इजा झेलणारें. धांवण्यांत दोहोंनींही फरक नाहीं.

खेळ करणाऱ्यांना दोष देण्यापूर्वीं त्यांचीही अडचण पाहिली पाहिजे. चेक देशांतील मंडळींच्या ‘आर्मा’ या खेळांत ओझ्यानें शिपायाला खरोखर दम लागतो. आणि तो लागतो म्हणून खेळणारे कुरकुर करतात. घरीं बसून घटकाभर करमणूक करणाऱ्यास थकवा विकत कशाला हवा? प्रश्न उठतो तो खेळ लष्कराच्या हातीं जातो तेव्हां. १९९६ त अमेरिकन नौदल-पायदळानें ‘डूम’चाच एक अवतार शिक्षणासाठीं तयार केला, आणि ४ जुलै २००२ ला तेथल्या सैन्यानें तरुणांस भरतीकडे ओढण्यासाठीं ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ फुकट वांटला. तो २०२२ पर्यंत चालला. त्या खेळांतून प्रत्यक्ष सैन्यांत गेलेल्या पोरांपैकीं किती जणांना नऊ महिन्यांनंतरच्या वाळवंटांत तक्ती मिळाली नसेल, हें कोण सांगणार!

हें सारें मीं भाच्याला त्या संध्याकाळीं थोडक्यांत सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, आणि जेवणें झाल्यावर पुन्हा खेळावयास बसला. थोड्या वेळानें पडद्यावरचा त्याचा माणूस आडवा झाला. मीं विचारलें, “अरे, चिलखत होतं ना?”

“होतं मामा,” तो म्हणाला, “पण पायावर लागली. पाय ह्यात उघडेच असतात.”

नेड केलीचें चिलखत मेलबर्नच्या ग्रंथालयांत आजही पाहावयास मिळतें. मी त्याला तें चित्र काढून दाखविलें.