असईचे जखमी आणि अजिंठ्याचे रुग्णालय

१/ अजिंठा म्हटले की लेणी आठवतात. परंतु १८१९ मध्ये जॉन स्मिथच्या दृष्टीस ती लेणी पडली, त्याच्या सोळा वर्षे आधी अजिंठा गावाने एक लष्करी रुग्णालय पाहिले होते. आजचा धागा त्याविषयी.

२/ २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. लढाई वेलस्लीने जिंकली. पण मराठ्यांच्या तोफखान्याने कंपनीचे ४२८ सैनिक ठार केले आणि १,१३८ जखमी.

३/ भूल देण्याची विद्या अजून चार दशके दूर होती. जखमीला डोलीतून आणायचे, गोळी काढायची, हाडाचा चुरा झाला असेल तर अवयव कापायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्नल स्टीव्हन्सनची फौज मदतीस आली, तरी चौथ्या दिवशीही रणांगणावरून जखमी उचलणे चालूच होते. स्टीव्हन्सन पाठलागावर निघाला तो २६ तारखेस. तेवढी उसंत शिंदे-भोसल्यांना मिळाली.

४/ खरा पेच पुढे होता. हजारावर जखमी घेऊन फौज हलू शकत नाही आणि उघड्यावर ठेवले तर शत्रूचे घोडदळ मोकळेच होते. म्हणजे तटबंदी हवी. जवळ दौलताबाद होते, निजाम कंपनीचा दोस्तही होता. तरीही त्याच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला. तह दरबारात होतो, दरवाजा मात्र किल्लेदार उघडतो.

५/ अखेर तटबंदी असलेल्या अजिंठ्यात रुग्णालय थाटले गेले. ती व्यवस्था लागेपर्यंत वेलस्ली दक्षिणेकडेच थांबला. औषधोपचार हा मोहिमेच्या वेगाचाच प्रश्न होता, तो असा.

६/ आणि मराठ्यांचे जखमी? वेलस्लीच्या अंदाजाने त्यांचे १,२०० मृतदेह मैदानात होते आणि जखमी मुलूखभर विखुरले होते. मैदान ज्याच्या ताब्यात राहते, त्याचेच जखमी उचलले जातात आणि मोजलेही जातात. म्हणून एका बाजूचा आकडा एककापर्यंत नेमका आहे, दुसऱ्या बाजूचा केवळ शत्रूने बांधलेला अंदाज.

७/ लढाईचे वर्णन वाचताना जय कोणाचा, एवढ्यावर थांबू नये. जखमींना कोठे नेले, हेही विचारावे.