मागचा दिवा कोणाचा?

१९८०च्या दशकात, शाळेत असताना, पुण्यात संध्याकाळी सायकल काढायची म्हणजे आधी डायनॅमो टायरला टेकवायचा. पायडल जड व्हायचं, घरघर सुरू व्हायची आणि पुढचा दिवा मिणमिणायचा. चौकात थांबलो की चाकाबरोबर दिवाही बंद, आणि नेमका तिथेच हवालदार उभा. ‘दिवा कुठंय?’ या प्रश्नाला ‘आत्ता होता’ हे उत्तर त्याने कधी मानलं नाही. मागे काय आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. मडगार्डवर लाल काच होती, तेवढी पुरे. ही काच तिथे कशी आली, हे शोधताना मी इंग्लंडमधल्या एका जुन्या भांडणापाशी पोचलो.

तिथे १८८८च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलला ‘गाडी’ ठरवलं. रात्री दिवा लावायचा आणि पुढच्याला ओलांडण्यापूर्वी घंटी किंवा शिटी वाजवायची, ही बंधनं त्याबरोबर आली. न्याय सरळ होता : मागून वेगाने येणाऱ्याने पुढच्याला जपायचं. तेव्हा वेगाने येणारा सायकलस्वारच होता.

मोटारी वाढल्या आणि जागा बदलल्या. आता सायकल पुढे, मोटार मागे. मोटारवाले म्हणू लागले, सायकलला मागे लाल दिवा सक्तीचा करा. १८७८मध्ये स्थापन झालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने कडाडून विरोध केला. प्रथम वाचलं तेव्हा मला हा निव्वळ हट्ट वाटला. दिवा लावायला काय जातं? पण मुद्दा खर्चाचा नव्हता (थोडा होताही; तेलाचे दिवे वाऱ्याने विझत). मुद्दा होता जबाबदारीचा. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल, अशाच वेगाने चालकाने जावं. मागच्या दिव्याची सक्ती झाली, की विझल्या दिव्याच्या सायकलस्वाराला उडवणारा ‘दिसलाच नाही’ म्हणून सुटेल आणि दोष मेलेल्याच्या माथी जाईल. शिवाय पादचाऱ्याच्या, गुराच्या, आडव्या पडलेल्या झाडाच्या पाठीला कुठे दिवा असतो?

१९२७च्या कायद्याने तडजोड काढली : मागे लाल दिवा किंवा परावर्तक. म्हणजे माझ्या मडगार्डवरची लाल काच. १९३४च्या कायद्याने तिच्या जोडीला पांढरा पट्टा आणला. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूलगत सायकलींसाठी वेगळी वाट झाली. क्लबने तिलाही विरोध केला. आज वेगळी वाट देतील, उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलतील, ही भीती. इथे क्लब चुकला असं माझं मत आहे. नेदरलँड्समध्ये सायकल टिकली ती अशा वाटांमुळेही.

मागच्या दिव्याचा निकाल मात्र युद्धाने लावला. १९३९च्या सप्टेंबरात ब्लॅकआउट आला, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं चढली आणि सायकलला मागचा दिवा सक्तीचा झाला. चालकालाच दिसेनासं झाल्यावर ‘दिसेल तेवढ्याच वेगाने जा’ हे कोण ऐकणार? पेट्रोल रेशनवर असूनही १९४१मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसं मेली. युद्ध संपलं, रस्त्यांवर उजेड परत आला. सक्ती तेवढी गेली नाही. १९४५च्या कायद्याने ती कायमची केली.

मी हल्ली मागे दोन दिवे लावतो, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला. गेल्या पावसाळ्यात एक मोटार हँडलला घासून पुढे गेली, थांबली. काच खाली करून चालक म्हणाला, ‘काका, दिसलाच नाहीत हो.’ दोन्ही दिवे तेव्हा चालू होते.