लाकडी ठोकळा आणि टॅब्लेटची निवड

१/ कामासाठी टॅब्लेट निवडताना आपण पडदा, प्रोसेसर आणि किंमत यांची तुलना करतो. ते यंत्र आपल्या दिनक्रमात नेमके कोठे बसेल, हा प्रश्न मात्र मागे राहतो. इतिहासात या प्रश्नाचे उत्तर एका लाकडी ठोकळ्याने दिले आहे.

२/ १९९३ मध्ये ॲपलने ‘न्यूटन मेसेजपॅड’ बाजारात आणला. माणसाचे हस्ताक्षर यंत्राने ओळखावे, ही त्यामागील महत्त्वाकांक्षा. परंतु आरंभीच्या आवृत्तीचे वाचन वारंवार चुके. त्यावर व्यंगचित्रे निघाली. शिवाय तो शर्टाच्या खिशात मावत नसे.

३/ पुढे अमेरिकेतच जेफ हॉकिन्स यांनी खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा तयार केला. भेटीची वेळ ठरवताना ते तो बाहेर काढीत आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करीत. यंत्र घडण्यापूर्वीच त्याची खरी गरज अशी पारखली गेली.

४/ १९९६ मध्ये त्यातून ‘पायलट’ साकारला. कोणतेही हस्ताक्षर वाचण्याचा हट्ट त्याने सोडला. वापरणाऱ्यानेच ‘ग्राफिटी’ ही सोपी अक्षरपद्धती शिकायची होती. दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि संगणकाशी मेळ, एवढ्यावर तो लोकप्रिय झाला. न्यूटनचे वाचन पुढे सुधारले, तरी १९९८ मध्ये ॲपलने तो बंद केला.

५/ म्हणून खरेदीपूर्वी आठवडाभर टॅब्लेटच्या आकाराची वही जवळ बाळगावी. ती कोणत्या कामासाठी हाती येते आणि कधी घरीच राहते, हे पाहावे. निवडीचा निम्मा निर्णय तेथेच होतो.